मध्यमवर्गाची मोटार

मराठी गृहस्थाच्या आयुष्यात ज्या खरेद्यांपूर्वी घरात चार-चार दिवस खल चालतो, त्यांत घर आणि सोने यांच्या खालोखाल आता मोटारीचा क्रमांक लागतो. दसरा जवळ आला की नागपुरात धरमपेठेपासून महालापर्यंत अनेक घरांत एकच विषय निघतो : आपल्या ऐपतीत बसेल, वाटेत दगा देणार नाही आणि पेट्रोल बेताने पिईल अशी गाडी कोणती? हा प्रश्न इतका घरगुती आहे की, त्यालाही काही इतिहास असेल हे सहसा कोणाच्या ध्यानीमनी येत नाही. परंतु किंमत, भरवसा व इंधनाची काटकसर या त्यातील तीनही अटी निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या कारणांनी आपल्या तोंडी आलेल्या आहेत. आणि चौथी एक अट, जी आमच्या मते सर्वांत मोठी, ती अद्याप पुरतेपणी आलेलीच नाही. या अटींची कुळकथा सांगावी आणि तीतून आजच्या कुटुंबवत्सल गृहस्थास काही बोध निघतो काय ते पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, मध्यम स्थितीतील माणसाची मोटार ही कल्पना मोटारीइतकी जुनी नाही. आरंभी मोटार ही श्रीमंतांची चैन होती. १९०८ साली अमेरिकेत हेन्री फोर्ड याने आपली ‘टी’ नमुन्याची गाडी बाजारात आणली, तेव्हा तिची किंमत ८५० डॉलर होती. एकाच नमुन्याच्या लाखो गाड्या एकाच पद्धतीने बनवून पुढील पंधरा-सतरा वर्षांत त्याने ती तीनशे डॉलरांच्याही खाली आणली. १९२२ मध्ये इंग्लंडात ‘ऑस्टिन सेव्हन’ ही चिमुकली गाडी निघाली, १९३६ मध्ये इटलीत फियाट कंपनीची ‘टोपोलिनो’ आणि १९४८ मध्ये फ्रान्सात सित्रोएन कंपनीची ‘टू सीव्ही’. प्रत्येक देशाने आपल्या सामान्य माणसाकडे पाहून आपली गाडी बेतली. फ्रेंच गाडीच्या रचनाकारांपुढे तर अट अशी होती म्हणतात की, नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली घेऊन गेले तरी एक अंडे फुटता कामा नये. विनोदाचा भाग सोडून दिला, तरी त्यातील मर्म ध्यानात ठेवण्याजोगे आहे : गाडी कोणासाठी व कोणत्या रस्त्यासाठी, हे आधी ठरले आणि मग गाडी ठरली.

आपल्याकडे हा क्रम उलटा झाला. गाड्या आधी आल्या, त्या परदेशांतून आल्या, आणि ज्यांच्यासाठी आल्या ते संस्थानिक, साहेब, बडे व्यापारी व नामांकित डॉक्टर-वकील हे होते. जनरल मोटर्स कंपनीने १९२८ साली मुंबईत परदेशी भागांची जुळणी करून गाड्या तयार करण्यास प्रारंभ केला खरा. पण जुळणी म्हणजे निर्मिती नव्हे, आणि गिऱ्हाईकही तेच मूठभर राहिले. रस्त्यांची स्थितीही याहून निराळी नव्हती. या संदर्भात आमच्या नागपूरचे नाव देशाच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले आहे. १९४३ च्या डिसेंबरात प्रांतोप्रांतींचे व संस्थानांचे प्रमुख अभियंते या शहरी जमले आणि त्यांनी पुढील २० वर्षांत देशभर रस्ते कसे बांधावेत याचा आराखडा तयार केला. तो आजही ‘नागपूर योजना’ या नावाने अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत शिकविला जातो. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते व ग्रामीण रस्ते ही जी वर्गवारी आपण आज सहज उच्चारतो, ती त्या परिषदेची देणगी होय. शेतीच्या प्रदेशातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून अधिक दूर राहू नये, असे उद्दिष्ट तीत होते. मोटार ही केवळ शहरातील मिरवण्याची वस्तू न राहता सामान्यांच्या उपयोगाची व्हावयाची, तर त्याची पूर्वतयारी कागदावर का होईना, येथे झाली.

गाड्या देशात बनविण्याचा ध्यास मात्र त्याआधीपासून काही माणसांनी घेतला होता. सर विश्वेश्वरय्या यांनी १९३० नंतरच्या दशकात मोटारीच्या कारखान्याची योजना आखली व मुंबई प्रांतात तिचा पाठपुरावा केला. सोलापुरात १८८२ साली जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी ती आपलीशी केली. जहाज, विमान व मोटार या तिन्ही वाहनांचे कारखाने एकाच आयुष्यात उभारण्याची ईर्ष्या बाळगणारा हा विलक्षण उद्योजक. परकी सरकारने युद्धकाळात या कामी उत्तेजन दिले नाही. तरी १९४४ साली ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ ही कंपनी स्थापन झाली, अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी करार झाला, आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून वाहने बाहेर पडू लागली. बिर्लांची ‘हिंदुस्थान मोटर्स’ १९४२ सालीच निघाली होती. ती पुढे बंगालात उत्तरपाडा येथे स्थिरावली. १९४८ साली मद्रासेत ‘स्टँडर्ड’ कंपनी निघाली. १९५३ मध्ये जकात आयोगाच्या शिफारशीवरून सरकारने ठरविले की, ज्यांना येथे गाड्या खरोखर बनवावयाच्या असतील त्यांनीच राहावे. केवळ जुळणी करणाऱ्यांनी निघून जावे. त्याप्रमाणे अमेरिकन कंपन्यांनी आपला गाशा गुंडाळला. अशा रीतीने स्वतंत्र भारतातील मध्यमवर्गापुढे तीन कारखान्यांच्या तीन गाड्या राहिल्या : उत्तरपाड्याची अँबॅसडर, कुर्ल्याची फियाट व मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड.

येथून जो कालखंड सुरू झाला तो जवळजवळ तीस वर्षांचा. या काळात ‘कोणती गाडी घ्यावी?’ हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नसे. ‘गाडी कधी मिळेल?’ हाच खरा प्रश्न होता. १९५९ च्या नियंत्रण हुकुमाने मोटारींची विक्री व वाटप सरकारी देखरेखीखाली आले. पुढे १९६९ मध्ये किमतीही सरकारने ठरवून दिल्या व तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नाव नोंदवावयाचे, अनामत भरावयाची आणि मग वर्षानुवर्षे वाट पाहावयाची, असा रिवाज पडला. फियाटची मागणी सर्वांत अधिक, म्हणून तिची प्रतीक्षाही सर्वांत लांब. मुलीच्या जन्माबरोबर नाव नोंदवावे म्हणजे तिच्या लग्नाच्या वरातीस गाडी मिळेल, ही त्या काळची थट्टा होती. परिणाम असा झाला की, वापरलेली गाडी नव्या गाडीच्या नियंत्रित किमतीहून अधिक दामाने विकली जाई. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना दुर्भिक्ष म्हणजे काय हे शिकविण्यास याहून बोलके उदाहरण आम्हांस तरी ठाऊक नाही.

तथापि या काळाची केवळ टवाळी करून भागणार नाही; कारण भरवशाची गाडी म्हणजे कोणती, याची व्याख्या मराठी माणसाच्या मनात याच काळात रुजली. १९५४ च्या सुमारास कुर्ल्यास बनू लागलेली ती गोलमटोल, नाकाड पुढे काढलेली फियाट आठवावी. लोकांनी तिचे नाव ‘डुक्कर फियाट’ असे ठेवले, आणि त्या नावात निंदेपेक्षा लळाच अधिक होता. १९६४ मध्ये तिची जागा चौकोनी बांध्याच्या ‘डिलाइट’ने घेतली. तीच गाडी थोड्याफार फरकाने १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून ओळखली जाऊ लागली व विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत निघत राहिली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत रस्त्यावर होती. अँबॅसडरचे आयुष्य याहूनही मोठे. १९५७-५८ पासून २०१४ पर्यंत ती निघत होती. या गाड्या निर्दोष होत्या असे कोणी म्हणणार नाही. उन्हाळ्यात घाटात पाणी उकळे, सकाळी थंडीत यंत्र सुरू होण्यास आढेवेढे घेई. परंतु त्या बंद पडल्या तरी त्यांना पुन्हा चालू करणारा माणूस पाच-दहा मैलांत हटकून भेटे. वर्षानुवर्षे यंत्र फारसे पालटले नाही, म्हणून त्याची विद्या सर्वदूर पसरली. तालुक्याच्या गावच्या मिस्त्रीला त्याचा प्रत्येक खिळा ठाऊक होता, आणि सुटे भाग किराणा मालासारखे मिळत. गाडीचा भरवसा हा केवळ लोखंडाचा गुण नसून, ती गाडी जाणणाऱ्या माणसांच्या समाजाचाही गुण आहे, हे सत्य या काळाने शिकविले. नव्या गाडीच्या झगमगाटात आज आपण ते विसरत चाललो आहोत.

काटकसरीची अट मात्र या गाड्यांना पेलली नाही. अँबॅसडरचे वजन अकराशे किलोंहून अधिक, फियाटचे नऊशेंच्या आसपास. एका लिटरास दहा-बारा किलोमीटर मिळाले तरी मालक समाधान मानी. पेट्रोल स्वस्त होते तोवर याची टोचणी लागली नाही. १९७३ च्या अखेरीस अरब-इस्राएल युद्धानंतर तेलाचा दर काही महिन्यांत पिंपास सुमारे ३ डॉलरांवरून १२ डॉलरांच्या घरात गेला, आणि मोटार बाळगणाऱ्या गृहस्थाच्या महिन्याच्या हिशोबात पेट्रोलचा रकाना एकाएकी ठळक झाला. ‘गाडी ॲव्हरेज किती देते?’ हा आज लग्नाच्या पंगतीतही ऐकू येणारा प्रश्न मुख्यतः त्या धक्क्याचे अपत्य होय.

छोट्या व स्वस्त गाडीची मागणी त्यापूर्वीही होतीच. १९५९-६० मध्ये लक्ष्मीकांत झा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मोटारउद्योगाचा विचार केला व कमी किमतीच्या गाडीची आवश्यकता सांगितली. पुढे वर्षानुवर्षे तो विषय लोकसभेत निघे व फाइलींत मिटे. अन्नधान्याचीच वानवा असलेल्या देशाने मोटारीवर परकीय चलन का खर्चावे, हा विरुद्ध बाजूचा युक्तिवादही काही पोकळ नव्हता. परंतु या सरकारी ऊहापोहाच्या काळात महाराष्ट्राच्या एका कोपऱ्यात एक मनुष्य कोणाची वाट न पाहता कामास लागला होता, आणि त्याची कथा मराठी वाचकांना पुन्हा पुन्हा सांगितली पाहिजे असे आम्हांस वाटते.

इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांचे शालेय शिक्षण बेताचेच. तरीही १९४५ च्या सुमारास त्यांनी सामान्य माणसाला परवडेल अशी लहान मोटार स्वतः रचण्याचा संकल्प केला. १९४९ मध्ये त्यांची पहिली दोन आसनांची गाडी तयार झाली. तिचे नाव ‘मीरा’. लोखंडी पाट्यांऐवजी रबराचा उपयोग करून त्यांनी गाडीचे धक्के शोषून घेण्याची योजना केली. त्यामुळे भाग कमी, वजन कमी व खर्च कमी. पुढील पंचवीस वर्षे ते एकामागून एक सुधारलेले नमुने बनवीत राहिले. शेवटच्या नमुन्यात यंत्र मागील बाजूस होते, ते दोन सिलिंडरांचे होते, आणि लिटरास सुमारे २० किलोमीटर पडत. १९७० नंतरच्या दशकात तिची अपेक्षित किंमत सुमारे १२ हजार रुपये सांगितली जात होती. ज्या तीन अटींचा आपण विचार करीत आहोत, त्या तिन्ही डोळ्यांपुढे ठेवून, याच मातीत, मराठी कारागिराने घडविलेली ही गाडी होती. पण परवाने, कर आणि भांडवल यांच्या चक्रव्यूहातून तिला बाहेर पडता आले नाही. नमुन्याचे कौतुक झाले, कारखाना झाला नाही.

मीरेचा पराभव केवळ सरकारी लाल फितीमुळे झाला असे म्हणण्याची प्रथा आहे. ती अर्धीच खरी. एक चांगली गाडी बनविणे व एकसारख्या एक लाख गाड्या बनविणे ही दोन अगदी निराळी कामे आहेत. पहिल्यास प्रतिभा पुरते. दुसऱ्यास पोलाद, साचे, शेकडो लहान पुरवठादार व प्रचंड भांडवल लागते. शंकररावांजवळ पहिले भरपूर होते. दुसरे जमविण्याची मुभा व मदत ज्यांनी द्यावयाची, त्यांनी ती दिली नाही. ती दिली असती तर मीरा यशस्वी झालीच असती असे कोणीही छातीठोकपणे म्हणू शकणार नाही. परंतु तिला हरण्याची तरी संधी मिळावयास हवी होती. उत्तरेत, गुडगावजवळ, ‘मारुती’ या नावाच्या कंपनीस अशी संधी १९७१ मध्ये पंतप्रधानांच्या चिरंजिवांच्या हाती मिळाली. तेथे सत्तेचे पाठबळ असूनही गाडी बाजारात आली नाही आणि १९७७ नंतर ती कंपनी बुडाली. एकीकडे गाडी होती, संधी नव्हती. दुसरीकडे संधी होती, गाडी नव्हती. आमच्या औद्योगिक इतिहासाचे याहून मार्मिक द्वंद्व क्वचितच सापडेल.

१९८० मध्ये सरकारने त्या बुडीत कंपनीची मालमत्ता ताब्यात घेतली, १९८१ मध्ये ‘मारुती उद्योग’ स्थापन केली, आणि १९८२ च्या ऑक्टोबरात जपानच्या सुझुकी कंपनीशी करार केला. १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती गिऱ्हाइकाच्या हाती पडली. किंमत पन्नास हजार रुपयांच्या आसपास होती. त्याआधीच लाखाहून अधिक लोकांनी पैसे भरून नावे नोंदविली होती. या गाडीने जे घडविले त्याचे रहस्य तिच्या यंत्रापेक्षा तिच्या वजनात आहे. ७९६ घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरांचे यंत्र पुढे आडवे बसविलेले, चाकांना ओढ पुढूनच, आणि सगळी गाडी सुमारे साडेसहाशे किलोंची. शहरात गाडी दर चौकात थांबते व पुन्हा निघते. प्रत्येक वेळी तिचे सगळे वजन नव्याने हलवावे लागते, आणि ब्रेक दाबताच ती सगळी मेहनत उष्णता होऊन हवेत जाते. म्हणून जी गाडी हलकी, ती शहरात काटकसरीची. हा साधा नियम आजही बदललेला नाही. मात्र उंच व जाडजूड गाडीच्या मोहात आपण तो सोयिस्करपणे विसरतो. सुमारे तीस वर्षांत, २०१४ च्या आरंभी उत्पादन थांबेपर्यंत, २७ लाखांहून अधिक मारुती ८०० बनल्या. मास्तर, कारकून, लहान दुकानदार हे मोटारवाले झाले ते हिच्यामुळे.

१९९३ मध्ये मोटारउद्योगावरील परवानापद्धती उठली आणि निवडीचे युग खऱ्या अर्थाने सुरू झाले. १९९८ च्या अखेरीस पुण्याच्या टाटा कारखान्यातून ‘इंडिका’ आली. अँबॅसडरची ऐसपैस जागा, मारुतीचा आटोपशीर आकार आणि डिझेलचा कमी खर्च असा त्रिवेणी संगम साधावयाचा, असा तिच्या कर्त्यांचा निश्चय होता. पहिल्या गाड्यांविषयी तक्रारी आल्या. कंपनीने त्या ऐकून २००१ मध्ये सुधारलेली गाडी दिली व ती लोकप्रिय झाली. इंडिकेने मध्यमवर्गास डिझेलचे गणित शिकविले. त्या काळी डिझेल पेट्रोलहून बरेच स्वस्त होते. परंतु हे स्वस्तपण यंत्राचे नव्हते, सरकारी धोरणाचे होते. २०१० मध्ये पेट्रोलचे व २०१४ च्या ऑक्टोबरात डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले, दोहोंतील अंतर आटले, आणि पुढे २०२० मध्ये प्रदूषणाचे कडक नियम आल्यावर लहान डिझेल गाड्या बाजारातून जवळजवळ नाहीशा झाल्या. ज्यांनी केवळ त्या अंतरावर भिस्त ठेवून महाग डिझेल गाडी घेतली, त्यांचा हिशोब मध्येच विस्कटला. आज कोणी सीएनजी वा विजेच्या गाडीचे असेच गणित मांडीत असेल, त्याने हा प्रसंग नजरेआड करू नये. इंधनाचे दर, कर व सवलती ही सर्व राजकारणाची लेकरे आहेत. गाडी मात्र दहा-बारा वर्षे आपल्या दारात उभी राहावयाची असते. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल मिसळले जाते व इथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश असते. म्हणजे लिटर तोच, पण त्यातील शक्ती सहा-सात टक्क्यांनी कमी. ‘ॲव्हरेज’ हा आकडाही स्थिर नसतो, तो असा.

या आकड्याविषयी आणखी थोडे सांगणे अवश्य आहे. जाहिरातीत जो आकडा छापतात, तो पुण्यास वेताळ टेकडीवर असलेल्या, १९६६ साली स्थापन झालेल्या मोटार संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी मोजलेला असतो. गाडी तेथे फिरत्या रुळांवर ठरलेल्या क्रमाने चालवितात. त्या मोजणीत लबाडी नसते. पण तीत सीताबर्डीची गर्दी नसते, मे महिन्यात ४५ अंशांत पूर्ण वेगाने चालणारे वातानुकूलन नसते, आणि मागे बसलेली मावशी व तिचे सामानही नसते. सर्व गाड्या एकाच कसोटीवर घासल्या जातात, म्हणून परस्परांशी तुलना करण्यास तो आकडा उत्तम. घरखर्चाच्या वहीत मांडण्यास निरुपयोगी.

आता थोडे अंकगणित करू. समजा, कुटुंबाची धाव वर्षास ६००० किलोमीटर आहे. शहरात राहणाऱ्या नोकरदाराची ती बहुधा याहून फार नसते. एक गाडी लिटरास १५ किलोमीटर देते, दुसरी २०. पहिलीस वर्षाला ४०० लिटर लागतील, दुसरीस ३००. लिटरास १०० रुपये धरले तर वर्षाची बचत १०,००० रुपये होते. दुसरी गाडी एक लाखाने महाग असेल, तर ते लाख फिटण्यास १० वर्षे लागतील, आणि कर्जाचे व्याज धरल्यास त्याहून अधिक. ज्याची धाव वर्षास २०,००० किलोमीटर आहे, त्याचे तेच लाख तीन वर्षांत फिटते. तेव्हा ‘सर्वांत काटकसरीची गाडी कोणती?’ या प्रश्नास सर्वांसाठी एकच उत्तर नाही. प्रत्येकाने प्रथम आपली वर्षाची धाव मोजावी, मग गाडीचा विचार करावा.

स्वस्ताईची अट तिच्या शेवटच्या टोकास नेण्याचा प्रयोगही आपण पाहिला आहे. एका दुचाकीवर आई, बाप व दोन मुले पावसात भिजत चाललेली पाहून रतन टाटा यांच्या मनात लाख रुपयांच्या गाडीची कल्पना आली, आणि २००८ च्या जानेवारीत ‘नॅनो’ जगासमोर आली. हेतू उदात्त, रचना कौशल्याची, यंत्र अवघे ६२४ घनसेंटिमीटरचे. तरीही ती अपेक्षेप्रमाणे खपली नाही व दहा वर्षांच्या आत-बाहेर तिचे उत्पादन संपले. बंगालातून गुजरातेत हलवावा लागलेला कारखाना, काही गाड्यांस लागलेल्या आगी, वाढत गेलेली किंमत, ही कारणे सांगतात व ती खरीही आहेत. पण एक कारण मनाचे आहे. जगातील सर्वांत स्वस्त गाडी असा तिचा डंका पिटला गेला, आणि ज्याच्यासाठी ती बनविली त्याला नेमके तेच नको होते. दारात उभी राहणारी मोटार ही मध्यमवर्गास आपण दोन पायऱ्या वर चढल्याची खूण वाटते. तिने आपली गरिबी शेजाऱ्यांस सांगावी हे त्याला मानवत नाही. यात हसण्यासारखे काही नाही. मात्र ही भावना ओळखून तिला हिशोबाबाहेर ठेवणे हे शहाणपणाचे. कारण विक्रेते तिच्याच बळावर आपल्याला गरजेहून मोठी गाडी विकीत असतात.

आणि आता ती चौथी अट. २०१४ च्या जानेवारीत ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेने भारतात खपणाऱ्या काही लोकप्रिय लहान गाड्या आदळवून त्यांची परीक्षा घेतली. नॅनो व मारुतीची आल्टो ८०० यांसह त्या गाड्यांच्या हवेच्या पिशव्या नसलेल्या नमुन्यांपैकी प्रौढ प्रवाशाच्या रक्षणासाठी एकासही एक तारा मिळाला नाही. वजन व किंमत यांच्या काटकसरीत कशावर कात्री चालली होती, हे त्या दिवशी उघड झाले. त्यानंतर परिस्थिती पालटली, हे नमूद केले पाहिजे. २०१७ पासून समोरासमोरच्या आघाताची कसोटी कायद्याने आली, पुढे हवेच्या पिशव्या व चाके न जखडणारे ब्रेक सक्तीचे झाले, आणि २०२३ च्या ऑक्टोबरापासून ‘भारत एनकॅप’ ही आपली स्वतःची तारांकनपद्धती सुरू झाली.

नागपूरकरास या अटीचे महत्त्व इतरांहून अधिक असावयास हवे. देशाचे उत्तर-दक्षिण व पूर्व-पश्चिम महामार्ग याच शहरात एकमेकांस छेदतात. २०२२ च्या डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा शिर्डीपर्यंतचा टप्पा खुला झाला आणि २०२५ च्या जूनमध्ये ७०१ किलोमीटरचा तो सगळा मार्ग मुंबईच्या दारापर्यंत पूर्ण झाला. त्यावर मोटारीस ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. आघाताची शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ६० च्या दुप्पट १२० झाले की धक्का दुप्पट नव्हे, चौपट होतो. शहरातील चाळीस-पन्नासच्या वेगासाठी बेतलेली जुनी हलकी गाडी, झिजलेली चाके आणि पट्टा न लावता मागे बसलेली मुले घेऊन आपण त्या रस्त्यावर उतरतो. उन्हाळ्याच्या तापलेल्या काँक्रीटवर मऊ पडलेले चाक फुटले, तर त्या वेगात सावरण्यास अवसर राहत नाही. १९४३ मध्ये या शहरी जमलेल्या अभियंत्यांनी गाव रस्त्यास जोडण्याचा विचार केला. आज रस्ता झाला आहे, गाडी आली आहे, आणि त्या दोहोंस साजेशी सावधगिरी मात्र यावयाची आहे.

पाऊणशे वर्षांच्या या वृत्तान्तातून निघणारा निष्कर्ष थोडक्यात असा. कुर्ल्याच्या फियाटने शिकविले की भरवसा म्हणजे जवळचा जाणता मिस्त्री व सहज मिळणारे सुटे भाग; म्हणून नवलाईच्या नमुन्यापेक्षा चार-पाच वर्षे रस्त्यावर मुरलेली, आपल्या गावी दुरुस्त होणारी गाडी बरी. मारुतीने शिकविले की हलकेपणात काटकसर आहे. इंडिकेने शिकविले की इंधनाच्या आजच्या दरावर उद्याचे गणित मांडू नये. नॅनोने शिकविले की गाडी घेताना आपण आपल्या प्रतिष्ठेचीही किंमत मोजत असतो. आणि आदळून पाहिलेल्या त्या गाड्यांनी शिकविले की, ज्या काटकसरीत घरच्या माणसांचे प्राण स्वस्त होतात ती काटकसरच नव्हे. पंधरा-वीस हजार रुपये अधिक देऊन अधिक ताऱ्यांची गाडी मिळत असेल, तर ती रक्कम खर्चाच्या रकान्यात न मांडता विम्याच्या रकान्यात मांडावी. पैसा अपुरा पडत असेल, तर नवेपणात तडजोड करावी. नीट पारखून घेतलेली तीन-चार वर्षे वापरलेली चांगली गाडी ही त्याच किमतीच्या नव्या पण उण्या गाडीहून पुष्कळदा श्रेयस्कर ठरते.

राहता राहिली इचलकरंजीची मीरा. तिने काय शिकविले? सामान्य माणसाला काय हवे हे कोणत्याही आयोगाला वा कंपनीला कळण्याआधी एका सामान्य माणसाला कळले होते. त्याने ते स्वतःच्या हातांनी घडवूनही दाखविले. पण त्याच्या गाडीची निवड करण्याची संधी आपल्याला कधी मिळालीच नाही. आज पन्नास गाड्या दुकानांत मांडलेल्या असताना आपण रंग व पडद्याचा आकार यांवर आठवडा घालवितो. ज्या पिढीला निवडताच आले नाही, तिची आठवण ठेवून निदान आपण तरी डोळसपणे निवडावे.